मधुमेह आणि दात-हिरड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह असलेल्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. पुढचे, ज्यांची औषधं किंवा परिस्थिती थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी. हे वाचून गोळ्या किंवा इन्सुलिनचा डोस मात्र स्वतःहून बदलू नका, तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. साखर वाढते रक्तात, मग त्रास दातांना कसा होतो?

दातांपेक्षा हिरड्यांना जास्त होतो. जंतूंचा चिकट थर प्रत्येकाच्याच दातांवर रोज साचतो. प्रश्न असतो तो शरीर त्या थराला कसं उत्तर देतं याचा. रक्तातली साखर बराच काळ जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ हिरड्यांमध्ये साठतात, तिथला दाह भडकवत ठेवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, हिरडीची झीज भरून काढण्याचं काम रेंगाळतं. म्हणजे थर तेवढाच, पण नुकसान जास्त. पुढे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळू लागतं. साखर नियंत्रणात नसेल तर हा आजार होण्याचा धोका इतरांच्या साधारण दोन ते तीन पट असतो. डोळे, मूत्रपिंडं, नसा वगैरेंच्या यादीला जोडून हाराल्ड लोए या हिरडीतज्ज्ञांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. तरीही डोळे आणि पाय तपासून घेणारी माणसं तोंड तपासायचं विसरतात.

२. हिरड्या खराब असल्या की शुगर वाढते, हे खरं आहे की दातांच्या डॉक्टरांनी धंद्यासाठी काढलेलं आहे?

शंका रास्त आहे, पण हे खरं आहे. हिरड्यांच्या खोल खोबणींमध्ये आतून सगळीकडे जखम असते. ती आरशात दिसत नाही, एवढंच. तिथून जंतू आणि दाह निर्माण करणारी रसायनं रक्तात जात राहतात आणि त्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद द्यायला कमी पडतं. अनेक चाचण्या एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) असं दिसलं, की हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत दिला जाणारा आकडा) सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरतं. आकडा छोटा वाटेल, पण एचबीए१सीच्या हिशेबात तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मात्र ही सरासरी आहे. कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं हलतही नाही. हिरड्या साफ झाल्या म्हणून गोळ्या बंद, असा अर्थ कुणीही काढू नये.

३. माझे दात दुखत नाहीत, हलत नाहीत. तरी दाखवायला जायचं?

हो. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि म्हणूनच तो इतका पुढे जातो. दात हलायला लागतो तोवर त्याच्याभोवतीचं बरंचसं हाड गेलेलं असतं आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

घरी लक्षात येण्यासारख्या खुणा अशा: ब्रश करताना रक्त, हिरड्या लाल आणि फुगलेल्या, तोंडाला न जाणारा वास, दात पूर्वीपेक्षा लांब दिसणं, पुढच्या दातांत नव्याने पडलेली फट, चावताना दात वेगळे टेकताहेत असं वाटणं. यातलं काही नसलं तरी दंतवैद्य बारीक सळईने हिरडीची खोबण मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक, चार किंवा त्याहून जास्त असेल तर लक्ष द्यायला हवं. मधुमेहाचं निदान झालं की पहिल्या काही आठवड्यांतच ही मोजणी एकदा करून घ्या. पुढे किती दिवसांनी यायचं ते त्यावर ठरतं. हिरड्यांचा आजार असेल तर साधारण दर तीन महिन्यांनी बोलावतात. एचबीए१सी तपासणीही पुष्कळांची तेवढ्याच अंतराने होते, त्यामुळे दोन्ही एकाच आठवड्यात उरकली की लक्षातही राहतं.

४. ब्रश केला की रक्त येतं, म्हणून मी आता नुसती चूळ भरतो. चालेल ना?

नाही चालणार. रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला थर साचून ती सुजलेली आहे, म्हणून येतं. ब्रश थांबवला की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नेमकं त्याच जागी घासत राहा. सूज नुसत्या थरामुळे असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी होताना दिसतं. नाही झालं तर खाली किटण (थर कडक होऊन झालेलं कवच) घट्ट बसलेलं आहे आणि ते ब्रशने निघणार नाही (प्रश्न ७ पाहा). रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्त जरा जास्त येतं. तरीही सुजलेली हिरडी हेच मूळ कारण असू शकतं.

५. मग घासायचं कसं आणि कशाने?

मऊ केसांचा ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन दोन मिनिटं. पेस्टमध्ये फ्लोराइड १,००० ते १,५०० पीपीएम असावं, वेष्टनावर ते छापलेलं असतं. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी बारीक हालवा. आडवं खसाखसा घासल्याने स्वच्छता वाढत नाही, दातांची मुळं मात्र उघडी पडतात. शेवटी पेस्ट थुंका आणि भरपूर पाण्याने चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. रात्रीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते.

ब्रश दातांच्या मधल्या जागेत पोहोचत नाही आणि हिरड्यांचा आजार बहुधा तिथेच सुरू होतो. फटी असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे ब्रश मिळतात, ते वापरा. फटी नसतील तर दातांसाठीचा धागा (फ्लॉस). बोटं सुन्न पडत असतील किंवा सांधे आखडले असतील तर जाड मुठीचा किंवा बॅटरीवर चालणारा ब्रश घ्या. नजर कमी झाली असेल तर आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी टॉर्चने तोंडात पाहायला सांगा. हा साधा उपाय फारसा कुणी करत नाही.

माउथवॉश ब्रशची जागा घेऊ शकत नाही. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश थोड्या दिवसांसाठी, सांगितला तरच वापरायचा. जास्त दिवस वापरला तर दात तपकिरी होतात, चव बिघडते. पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा असर घटतो, म्हणून ब्रश आणि तो माउथवॉश यांत अर्धा तास अंतर ठेवा.

६. टूथपेस्ट गोड लागते. त्याने शुगर वाढेल का?

नाही. ती गोडी सॅकरिन, सॉर्बिटॉल अशा पदार्थांची असते आणि पेस्ट आपण गिळत नाही. मधुमेहींसाठी म्हणून वेगळी पेस्ट घ्यायचीही गरज नाही, फ्लोराइड आहे ना एवढं पाहा.

७. दात साफ करून घेतले की सैल होतात आणि फटी पडतात, असं सगळे सांगतात.

हे सांगणारे खोटं बोलत नसतात, त्यांनी तसं अनुभवलेलं असतं. फक्त कारण चुकीचं जोडलेलं असतं. हाड आधीच गेलेलं असतं आणि दातांना एकमेकांशी बांधून ठेवल्यासारखं किटण साचलेलं असतं. ते काढल्यावर आधीपासूनचा सैलपणा कळू लागतो. सूज उतरते, हिरडी आकसते आणि किटणाने भरलेल्या फटी मोकळ्या दिसतात. थंड-गरम काही दिवस लागतं, तेही ओसरतं. किटण तसंच ठेवलं तर हाड आणखी जाईल आणि मग दात खरोखरच सैल होतील.

किटण फक्त हिरडीच्या वर असेल तर साधी सफाई पुरते. खोबणीच्या आत असेल तर भूल देऊन मुळांवरून ते खरवडून काढावं लागतं. दोन-तीन वेळा जावं लागतं आणि सुमारे तीन महिन्यांनी खोबणी पुन्हा मोजतात. ही दुसरी मोजणी बरेच जण टाळतात आणि मग उपचाराचा उपयोग झाला की नाही, हेच कळत नाही.

८. तोंड सतत कोरडं पडतं. रात्री जीभ टाळ्याला चिकटते.

आधी शुगर तपासा. साखर जास्त असली की लघवी वाढते, शरीरातलं पाणी कमी होतं आणि लाळ आटते. शुगर बरी असूनही कोरडेपणा असेल तर औषधांची यादी पाहायला हवी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्यावरच्या आणि ॲलर्जीवरच्या अनेक गोळ्या तोंड कोरडं करतात. तोंड उघडं ठेवून झोपणं हेही कारण असतं.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. लाळ आम्ल धुऊन काढते आणि दातांना खनिजं परत देते. ती कमी झाली की कीड झपाट्याने वाढते, विशेषतः हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांवर. घोट घोट साधं पाणी पीत राहा. बिनसाखरेचं, शक्यतो झायलिटॉल असलेलं च्युइंगगम चघळल्याने लाळ सुटते. (घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या हाती लागू देऊ नका, झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी आहे.) अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. कोरड घालवण्यासाठी आंबट-गोड गोळ्या चघळण्याची सवय मात्र फार महागात पडते, दातांनाही आणि शुगरलाही. कोरडेपणा टिकून असेल तर जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा का, ते दंतवैद्याला विचारा.

९. तोंडात आग होते, कधी पांढरे चट्टे येतात. हे कशाने?

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पुसल्यावर निघणारे आणि खाली लाल जागा सोडणारे पांढरे चट्टे, ओठांच्या कोपऱ्यात चिरा, कवळीखाली लालसर टाळू: हा बहुधा बुरशीचा संसर्ग. साखर जास्त, लाळ कमी आणि रात्रभर तोंडात ठेवलेली कवळी, हे त्याचं आवडतं वातावरण. दम्याचा स्टेरॉइडचा पंप वापरत असाल तर वापरानंतर चूळ भरून थुंका. बुरशीवरचं औषध घेण्याआधी मात्र प्रश्न १६ वाचा.

चट्टे काहीच नाहीत, तरी जीभ जळजळते, असं असेल तर नसांवर झालेला परिणाम किंवा बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं आणि ते रक्ततपासणीत कळतं. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल डाग दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर तो दाखवायलाच हवा, मधुमेह असो वा नसो.

१०. रात्री शुगर कमी झाली की गोड खावंच लागतं. मग दातांचं काय?

त्या क्षणी दातांचा विचार करू नका. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडल्यास पुन्हा तेवढंच. शुगर सावरली की पाण्याने नीट चूळ भरा आणि तरतरी आली असेल तर ब्रश करा. चिकट, चघळत राहायच्या गोळ्यांपेक्षा ग्लुकोजची पावडर किंवा लवकर विरघळणारी गोळी बरी. ती कामही लवकर करते आणि दातांत अडकूनही राहत नाही. हे वरचेवर होत असेल तर प्रश्न दातांचा नसून डोसचा आहे. डॉक्टरांना सांगा.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ॲकार्बोज किंवा वोग्लिबोज या गोळ्या चालू असतील तर नेहमीची साखर पचायला वेळ लागतो, त्यामुळे ऐनवेळी ती उपयोगाची ठरत नाही. अशांनी जवळ ग्लुकोजच बाळगायला हवं.

११. दात काढायचा आहे. शुगर किती असली की काढतात?

सगळीकडे मान्य असा एकच आकडा नाही. आठवडाभर थांबता येण्यासारखं काम असेल, तर बरेच दंतवैद्य एचबीए१सी आठच्या आसपास किंवा खाली आणि त्या दिवशीची शुगर २००च्या आत असावी असं पाहतात. पण पू झालेला, सुजलेला दात ही वेगळी गोष्ट. तिथे “आधी शुगर खाली आणा, मग बघू” असं म्हणत बसलं तर दोन्ही अडतात, कारण संसर्गच शुगर वर ठेवत असतो. पू बाहेर काढणं आणि शुगर आटोक्यात आणणं एकाच वेळी चालतं, गरज पडल्यास रुग्णालयात. शुगर जास्त आहे म्हणून सूज असूनही परत पाठवलं, तर तिथूनच आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन लावा.

१२. त्या दिवशी उपाशी जायचं का? इन्सुलिन घ्यायचं का?

फक्त हिरडीत भूल देऊन होणारं काम असेल तर उपाशी जाऊ नका. नेहमीचा नाश्ता, नेहमीची औषधं आणि शक्यतो सकाळची वेळ. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज सोबत ठेवा. घाम, थरथर, धडधड असं काही जाणवलं तर हात वर करून काम थांबवायला सांगा. ती भीती असेल असं समजून सोसत बसू नका.

खरी गडबड होते ती नंतर. खालच्या जबड्याची भूल तीन-चार तास राहते, गाल चावला जाण्याच्या भीतीने माणूस जेवत नाही आणि सवयीने जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र घेऊन मोकळा होतो. मग शुगर घसरते. तेव्हा जेवण होणार हे नक्की असेल तेव्हाच ते इन्सुलिन. दिवसभर फारसं खाता येणार नसेल तर डोसचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दिवसभर काम करणारं इन्सुलिन, विशेषतः टाइप १ मध्ये, स्वतःहून कधीच बंद करायचं नसतं.

पूर्ण बेशुद्ध करून किंवा गुंगी देऊन करायचं काम असेल तर हे सगळं बदलतं. उपाशीपणाच्या सूचना लेखी घ्या आणि प्रश्न १६ मधल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या आणि सेमाग्लुटाइडसारख्या औषधांबद्दल आवर्जून सांगा.

१३. भुलीच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रेनलिन असतं. मधुमेहींना चालतं का?

नेहमीच्या प्रमाणात चालतं. नीट भूल न मिळून दुखत राहिलं तर शरीर स्वतःच त्याहून जास्त ॲड्रेनलिन सोडतं. हृदयविकार असेल तर तेवढं सांगून ठेवा.

१४. दात काढल्याची जखम भरत नाही असं ऐकलंय. काय काळजी घ्यायची?

शुगर आटोक्यात असेल तर जखम बहुतेक इतरांसारखीच भरते, वरची कातडी एक-दोन आठवड्यांत जुळते. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, वारंवार थुंकू नका, जागा जिभेने चाचपू नका. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चूळ. शुगर त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. तंबाखू कुठल्याही स्वरूपात नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, पू दिसला किंवा दोन आठवड्यांनंतरही आतलं हाड उघडं दिसत असेल तर परत जा.

१५. दाढ ठणकतेय. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक आणि पेनकिलर घेऊ का?

अँटिबायोटिक नको. ती दातातली कीड किंवा मुळाशी साठलेला पू काढू शकत नाही. ठणका दोन दिवस दबतो आणि दाखवायला जाणं लांबतं. शिवाय काही अँटिबायोटिक शुगरशी खेळतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या गोळ्यांनी शुगर एकदम वर किंवा खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक घेतल्यास शुगर धोकादायकरीत्या घसरू शकते. मधुमेह आहे एवढ्याच कारणाने दात काढण्याआधी सगळ्यांना अँटिबायोटिक द्यावी असंही नाही.

दुखण्यावर बहुतेकांना पॅरासिटामॉल सुरक्षित. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असू शकतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर एक बारकावा: काही सेन्सर पॅरासिटामॉलमुळे शुगर आहे त्याहून जास्त दाखवतात. शंका आली तर बोटाच्या थेंबावर तपासा. हृदयासाठीची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल “दात काढायचाय” म्हणून स्वतःहून थांबवू नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयविकाराचा झटका तसा थांबवता येत नाही.

१६. माझ्या नेहमीच्या गोळ्यांचा तोंडाशी काही संबंध आहे का?

काहींचा आहे, आणि हे दंतवैद्याला माहीत हवं.

रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन चालू असेल तर काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. स्वच्छता चांगली ठेवल्याने फरक पडतो. नाहीच पडला तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. मेटफॉर्मिनने सुरुवातीला तोंडाला धातूसारखी चव येते, ती निरुपद्रवी आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र गांभीर्याने घ्या. उपाशी राहिल्यावर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी या गोळ्यांमुळे शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्लं (चरबी जळताना तयार होणारी, साठली तर घातक) साठू शकतात. ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवतो आणि माणूस गाफील राहतो. म्हणून ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी त्या किमान तीन दिवस थांबवायला सांगतात, एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस. एका दाताच्या साध्या कामाला सहसा याची गरज नसते. पण दाढा काढल्यावर दोन दिवस काही खाताच आलं नाही, तर ती गोळी चालू ठेवायची का हे लगेच विचारा.

सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून गुंगी देण्याआधी ते सांगायचं. त्याने उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेला दातांचा थर घासला जातो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने.

शेवटची गोष्ट, प्रश्न ९ शी जोडलेली. तोंडातल्या बुरशीवर मिकोनाझोल जेल किंवा फ्लुकोनाझोल देतात. ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्यांचा असर ही औषधं वाढवतात आणि शुगर खूप खाली जाऊ शकते. जेल वरून लावायचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याऐवजी निस्टॅटिनचा पर्याय असतो.

१७. इम्प्लांट बसेल का, की कवळीच बरी?

शुगर नियंत्रणात, हिरड्यांचा आजार आटोक्यात आणि धूम्रपान नाही, अशांना इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) चांगलं टिकतं. यातलं एखादं बिघडलेलं असेल तर आधी ते सुधारा, इम्प्लांट थांबू शकतं. इम्प्लांटभोवतीही हिरड्यांसारखाच आजार होतो, तेव्हा “आता खरा दातच नाही, मग घासायचं काय” हा हिशेब चुकतो.

कवळीत वाईट काही नाही. रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. टोचत असेल तर सोसू नका, तिथली जखम चिघळते. सैल कवळीमुळे लोक चावायचे पदार्थ सोडून मऊ पिठूळ पदार्थांकडे वळतात आणि शुगर वाढते. मग आहारतज्ज्ञ आहार बदलत बसतात, आणि कारण कवळीत असतं.

१८. दातांना तारा लावता येतात का?

येतात. फक्त हिरड्यांचा आजार चालू असताना नाही. दाह असताना दात सरकवले तर हाड आणखी जातं.

१९. आमच्या मुलीला टाइप १ आहे. लहान वयात हिरड्यांची काळजी कशाला?

कारण हिरड्यांची सूज अशा मुलांत लवकर, कधी वयात येतानाच दिसू लागते. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईवडिलांनीच करून द्यावा किंवा निदान शेवटचा हात फिरवावा. शुगर कमी झाल्यावर दिलेल्या गोडाबद्दल तिला दातांवरून कधीच रागवू नका (बाकी प्रश्न १० प्रमाणे). रागाच्या भीतीने मूल गोड घ्यायचं टाळेल, आणि ते किडक्या दातापेक्षा फार वाईट.

२०. गरोदरपणात शुगर वाढली आहे. दातांचं काम नंतर करू का?

नको, संसर्ग असेल तर आत्ताच. गरोदरपणात हिरड्या तशाही सुजतात, त्यात साखरेची भर. सफाई, भरणं, भूल देऊन करायचं काम हे सगळं करता येतं. निकड नसेल तर मधले तीन महिने सोयीचे. गरज असेल तर दाताचा एक्स-रेही योग्य काळजी घेऊन काढता येतो.

२१. माझं एचबीए१सी ६.५ आहे, तरी हिरड्या खराब कशा?

कारण शुगर हे एकच कारण नाही. थर साचलेला असेल तर चांगली शुगरही हिरडी वाचवू शकत नाही. तंबाखू हे दुसरं मोठं कारण, आणि ते फसवंही आहे. धूम्रपानाने हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आतून वाढत असताना हिरड्या निरोगी वाटतात. काहींच्या घराण्यातच कल असतो. शिवाय आजचं ६.५ मागच्या दहा वर्षांत गेलेलं हाड भरून आणत नाही.

हिरड्यांच्या आजाराची आजची वर्गवारी हे सगळं धरूनच केलेली आहे. मधुमेह असून एचबीए१सी सातच्या खाली असेल तर मधली श्रेणी, सात किंवा वर असेल तर वेगाने वाढणाऱ्या आजाराची श्रेणी. म्हणून तुमचा ताजा रिपोर्ट दंतवैद्यालाही लागतो. उलटही तेवढंच खरं: गोळ्या, आहार, चालणं सगळं नीट असून एचबीए१सी उतरत नसेल तर एकदा हिरड्या मोजून घ्या. आणि ज्यांना मधुमेह माहीतच नाही, पण हिरड्यांना वारंवार गळू येतात, त्यांनी शुगर तपासावी.

२२. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत. मी काय करू?

निरोप्या तुम्हीच व्हा, दुसरं कुणी होणार नाही. दंतवैद्याकडे जाताना शेवटचं एचबीए१सी, सगळ्या औषधांची नावं आणि शुगर अलीकडे कधी फार घसरली होती का, हे कागदावर लिहून न्या. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना हिरड्यांचा आजार आहे की नाही, सगळ्यात खोल खोबण किती मिलिमीटर, उपचार कधी झाला, एवढं न्या. “दात दाखवले, ठीक आहेत” यातून कुणाला काही कळत नाही. आकडे मागून घ्या, द्यायला दोन मिनिटं लागतात.

२३. कुठल्या लक्षणांसाठी सकाळपर्यंत थांबायचं नाही?

जबड्याखाली किंवा मानेवर पसरत जाणारी सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला त्रास. दाढेचा संसर्ग मानेत उतरला की श्वासमार्ग बंद व्हायला फार वेळ लागत नाही. दवाखान्यात नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नखांच्या रंगाचं रिमूव्हर असतं तसा वास आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी. हा तोंडाचा वास नाही, रक्तात कीटोन साठल्याचा आहे. माउथवॉश शोधत बसू नका. शुगर आणि कीटोन तपासा. शुगर फार वाढलेली नसली तरीही निघा (कारण प्रश्न १६ मध्ये आहे).

तिसरी गोष्ट दुर्मीळ, पण मधुमेहात विसरून चालत नाही: काळी बुरशी. वरचे दात अचानक एकत्रच हलायला लागणं, एका बाजूच्या गालाला बधिरपणा किंवा सूज, नाकातून काळपट रक्तमिश्रित स्राव, टाळूवर काळा डाग, डोळा सुजणं किंवा दोन दोन दिसणं. शुगर फार वाढलेली असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना हे दिसलं तर दात काढून घ्यायला धावू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयात जा आणि मधुमेह आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.